गव्हाण आणि किनारा: समुद्रातून फौज उतरते तेव्हा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि कोल्हापूर जवळजवळ बेट झालं. त्या आठवड्यात मी शिरोळ तालुक्यातल्या एका गावाबाहेर, पाणी जिथं संपत होतं तिथं, गुडघाभर चिखलात उभा राहून बोटीतून येणाऱ्यांना हात देत होतो. रबरी बोटीत एका खेपेला दहा-बारा माणसं बसायची. पहिल्या खेपेत एक आजी आल्या. त्यांच्या गोळ्यांची पिशवी तिसऱ्या खेपेतल्या सुनेजवळ होती. मुलगा जनावरांपाशी मागं थांबलेला, तो संध्याकाळी दुसऱ्याच काठावर उतरला. नातू कुठल्या बोटीत बसला ते कुणालाच सांगता येईना. ते एक घर पुन्हा एका जागी यायला रात्रीचे अकरा वाजले. आणि आमच्या काठावर तोवर बिस्किटांचे खोके, पाण्याच्या बाटल्या, चादरी यांचा एवढा ढीग झाला होता की उतरलेल्या माणसाला पाय ठेवायला जागा नव्हती. आजींची रक्तदाबाची गोळी मात्र त्या ढिगात नव्हती.

आमच्यावर तिथं कुणी गोळ्या झाडत नव्हतं.

मी सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या पोरांना सामान्यज्ञान शिकवतो. पहाटे पळून घामेजलेली पोरं वर्गात येतात आणि मोबाईलवर पाहिलेल्या व्हिडिओतून प्रश्न काढतात. "सर, एवढं मोठं आरमार असल्यावर समुद्रातनं फौज उतरवायला काय अवघड हाय ओ?" हा प्रश्न गेल्या दोन-तीन वर्षांत फार वेळा आला, तैवानचं नाव बातम्यांत आलं की हमखास. उत्तर द्यायला मी त्या चिखलाच्या काठापासून सुरुवात करतो. पण त्याआधी फौज रचलेली कशी असते ते माहीत हवं. ते कळलं नाही तर पाण्यात नेमकं काय मोडतं ते कळत नाही.

कोयता, टोळी, मुकादम

आपल्याकडं ऊसतोडीचा हंगाम प्रत्येकानं पाहिलाय. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. अशा काही कोयत्यांची टोळी, टोळीला मुकादम. फडावर चिटबॉय, त्याच्यावर गट ऑफिस, त्याच्यावर कारखान्याचा शेती अधिकारी. शेती अधिकाऱ्याला एकेका कोयत्याचं नाव ठाऊक नसतं आणि असायची गरजही नसते. तो मोजक्या गट ऑफिसांशी बोलतो, गट ऑफिस मुकादमांशी, मुकादम आपल्या टोळीशी. एक माणूस धावपळीत, आरडाओरड्यात, तीन-चार जणांनाच नीट सांभाळू शकतो. सैन्याची सगळी उतरंड याच एका मर्यादेवर उभी आहे.

भारतीय पायदळात सर्वांत खालचा तुकडा म्हणजे सेक्शन: साधारण दहा जवान आणि त्यांचा हवालदार. असे तीन सेक्शन मिळून प्लाटून, तीसेक माणसांची, बहुतेक वेळा नायब सुभेदार किंवा सुभेदाराच्या हाताखाली. तीन प्लाटूनची कंपनी, सव्वाशेच्या आसपास, तिचा प्रमुख मेजर. चार रायफल कंपन्या, शिवाय जड हत्यारांची आणि मुख्यालयाची एकेक कंपनी, मिळून बटालियन. आठशेच्या घरात माणसं आणि वर एक कर्नल. तीन बटालियनची ब्रिगेड ब्रिगेडियरकडं, तीन ब्रिगेडची डिव्हिजन मेजर जनरलकडं. डिव्हिजनमध्ये पंधरा हजारांहून जास्त माणसं असतात. काही डिव्हिजन मिळून कोअर, तिचा प्रमुख लेफ्टनंट जनरल. त्याच्याही वर कमांड. आपल्याला जवळची म्हणजे पुण्याची दक्षिण कमांड.

बहुतेक ठिकाणी तीनच का? लढताना दोन पुढं आणि एक मागं ठेवता येतो म्हणून. पुढचे दोन अडकले तर मागचा तिसरा कुठं घालायचा, एवढाच निर्णय कमांडरच्या हातात उरतो. तिसराही घालून बसलेल्या कमांडरकडं मग हुकूम द्यायला काही शिल्लक राहत नाही.

इथं आपल्या भागातली एक गल्लत दूर करायला हवी. सैनिक टाकळीसारख्या गावात, जिथं घरटी फौजी, तिथं पोरगा 'मराठा'त आहे असं सांगतात. मराठा लाईट इन्फंट्री ही रेजिमेंट, तिचं केंद्र बेळगावला. पण रेजिमेंट म्हणून ती कधी एकत्र लढत नाही. रेजिमेंट हे घराणं: भरती, प्रशिक्षण, निशाण, घोषणा, परंपरा सगळं तिथलं. लढायला जाते ती तिची एकेक बटालियन, आणि एखाद्या ब्रिगेडमध्ये मराठ्यांच्या शेजारी शीख किंवा गुरखा बटालियन असू शकते. दुसरी गंमत शब्दाची. 'पलटण' हा शब्द प्लाटूनचाच भाऊ, पण फौजी माणूस पलटण म्हणतो तेव्हा त्याला अख्खी बटालियन म्हणायची असते. मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन 'जंगी पलटण', १७६८ सालची. वर्तमानपत्रात प्लाटून आणि पलटण एकच समजून बातमी छापली की तीस माणसांची आठशे होतात.

आणि पायदळ म्हणजे फौजेचा एक हात. ब्रिगेड किंवा डिव्हिजन लढते तेव्हा तिच्यासोबत तोफखाना असतो, रणगाडे असतात, सुरुंग काढणारे आणि पूल बांधणारे सॅपर असतात, सिग्नलवाले, डॉक्टर, गाड्या दुरुस्त करणारे, आणि दाणागोटा, इंधन, दारूगोळा पोचवणारे असतात. पोरांना हे शेवटचे लोक गौण वाटतात. बंदूकवाला तेवढा सैनिक असं त्यांच्या डोक्यात पक्कं असतं. समुद्रावरचा धडा मला म्हणूनच आवडतो, कारण तिथं ही समजूत एका दिवसात संपते.

बोटीत शिरताना काय मोडतं

जमिनीवर बटालियन ट्रकमधून उतरते तेव्हा ती बटालियन म्हणूनच उतरते. समुद्रात तिला आधी मोडावं लागतं, कारण बोटीचा आकार ठरलेला. दुसऱ्या महायुद्धातली प्रसिद्ध हिगिन्स बोट ३६ माणसं न्यायची, म्हणजे साधारण एक प्लाटून. पुढचा दरवाजा आडवा पडला की माणसं थेट पुळणीवर. पण मग त्या ३६ जणांपलीकडं कुणाचा कुणाशी संबंध उरत नाही. शेजारची बोट प्रवाहानं अर्धा किलोमीटर वाहवली की तुमची कंपनी तुमच्याजवळ नाही.

६ जून १९४४ ला, जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये, नॉर्मंडीत ओमाहा किनाऱ्यावर हेच झालं. अमेरिकनांनी ते आधी ओळखलं होतं. पहिल्या लाटेतल्या कंपन्या त्यांनी मोडून तीसेक जणांचे बोट-सेक्शन बनवले. प्रत्येकात रायफलवाले, तारा कापणारे, स्फोटकं लावणारे, मशीनगनवाले असं सगळं थोडं-थोडं. प्रत्येक बोट एकटी पडली तरी तिला लढता यावं, हा विचार. त्याचा उपयोग झाला, पण प्रवाहानं बोटी पूर्वेकडं ढकलल्या आणि कित्येक ठिकाणी दार उघडताच पुढचे अधिकारी पडले. सोबत यायचे ते तरंगते रणगाडे. त्यातल्या एका बटालियननं २९ रणगाडे खोल पाण्यात सोडले, लाटा उंच होत्या, २७ बुडाले. किनाऱ्यावर तासन् तास छोटे छोटे गट एकमेकांना शोधत होते. मग एखाद्या अधिकाऱ्यानं किंवा सार्जंटनं दिसेल ती माणसं गोळा केली, नवा सेक्शन बनवला आणि टेकडी चढायला घेतली. दुपारपर्यंत असे बरेच गट वर पोचले. कागदावरची उतरंड मोडल्यावर वाळूवर तिची घाईघाईनं पुन्हा जुळणी झाली, म्हणून ओमाहा हातात आला.

त्यामुळं आजही बोटींची यादी करणं हे या कामातलं फार महत्त्वाचं कलम. कर्नल एका बोटीत, त्याचा दुय्यम दुसऱ्या बोटीत. सगळे सॅपर एकाच बोटीत कधीच नाहीत. वायरलेसवाला त्याच्या कंपनी कमांडरच्या शेजारी. जहाजात सामान भरायचा क्रमही उलटा. लग्नाच्या टेम्पोत भांडी आधी गेली आणि मांडवाचे बांबू शेवटी, की पोचल्यावर बांबू पहिले हातात येतात. तसं पहिल्या तासाला लागणारं सगळ्यात शेवटी चढवायचं. यात जहाजाची बरीच जागा वाया जाते, व्यापारी माणसाला पाहवणार नाही. पण उलट केलं तर किनाऱ्यावर तंबू आधी उतरतील आणि गोळ्या तळाशी राहतील. आमच्या ढिगात नसलेल्या गोळीसारखं.

पाणी आपलं वेळापत्रक पाळतं

समुद्राला भरती-ओहोटी असते हे आम्हा देशावरच्यांना पाठ्यपुस्तकापुरतं ठाऊक. पॅसिफिकमधल्या, जपानच्या ताब्यातल्या तारावाच्या बेटावर २० नोव्हेंबर १९४३ ला अमेरिकन नौसैनिक (मरीन, म्हणजे समुद्रातून उतरून जमिनीवर लढणारे) उतरले तेव्हा भरती अपेक्षेइतकी चढलीच नाही. भोवती प्रवाळाचा खडक होता. पट्ट्यांच्या चाकांवर चालणाऱ्या जलस्थल गाड्या खडक ओलांडून गेल्या, पण मागच्या बोटी खडकावर टेकल्या आणि माणसांना शेकडो मीटर पाण्यातून, मशीनगनसमोरून, चालत जावं लागलं. ७६ तासांत सुमारे हजार अमेरिकन मेले.

कोरियातल्या इंचॉनला भरती-ओहोटीतला फरक सुमारे नऊ मीटर. ओहोटीला मैलोगणती चिखल. १५ सप्टेंबर १९५० ला सकाळच्या भरतीत एक बटालियन वोल्मीदो बेटावर उतरवली, मग पाणी गेलं आणि जहाजंही मागं गेली. ती बटालियन संध्याकाळची भरती येईपर्यंत सुमारे अकरा तास तिथं एकटी होती. शत्रूला वाटलं इथं कुणी उतरणारच नाही, त्यामुळं डाव साधला.

आपला स्वतःचा अनुभव १९७१ चा आहे आणि तो पोरांना मी मुद्दाम सांगतो, कारण जिंकलेल्या युद्धातली अवघड पानं वाचली जात नाहीत. डिसेंबरच्या मध्यात, पाकिस्तानी सैनिकांनी ब्रह्मदेशाकडं निसटू नये म्हणून पूर्व पाकिस्तानातल्या, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या, कॉक्स बाजारजवळ गुरखा जवानांची एक तुकडी समुद्रातून उतरवायचं ठरलं. घाईत. किनाऱ्याची नीट पाहणी झालेली नव्हती, जवानांना या कामाचं प्रशिक्षण नव्हतं. किनाऱ्यापासून अलीकडंच पाण्याखाली वाळूची पट्टी होती. उतरवणारं जहाज तिच्यावर टेकलं आणि सगळ्यांना वाटलं किनारा आला. पट्टीच्या पलीकडं पाणी पुन्हा खोल होतं. पाठीवर ओझं घेऊन डोंगरातली पोरं उतरली आणि काही बुडाली. उरलेल्यांना स्थानिक होड्यांतून किनाऱ्यावर न्यावं लागलं. ज्यांना अडवायचं ते शत्रू तिथं जवळजवळ नव्हतेच. लढाईआधी रात्री पाण्याखालून पोहणाऱ्या जवानांनी जाऊन वाळूचा उतार मोजायचा, तळ टणक की दलदल ते पाहायचं, हे काम कुणाच्या शौर्यकथेत येत नाही. पण त्याच्यावाचून किती जीव जातात ते त्या वाळूच्या पट्टीनं सांगितलं.

गव्हाण एकच

समजा पहिली लाट उतरली, सेक्शन जुळले, पुळण हातात आली. खरी शर्यत आता सुरू होते.

कारखान्याच्या अड्ड्यात रात्री उभं राहून पाहा. ट्रॅक्टर, ट्रक, बैलगाड्यांची रांग रस्त्यापर्यंत. फडात कितीही टोळ्या घातल्या, कितीही ऊस तोडला, तरी गव्हाण, म्हणजे ऊस कारखान्यात घ्यायचं तोंड, घेईल तेवढाच घेते. रांगेतला ऊस वाळतो, वजन घटतं. किनारा ही फौजेची गव्हाण. जहाजांत पन्नास हजार माणसं असोत. पुळणीवरून आत जाणारे रस्ते दोनच असले तर तासाला दोन रस्त्यांपुरतीच फौज आत जाते. समोरचा शत्रू मात्र जमिनीवरून, डांबरी रस्त्यानं, रेल्वेनं कुमक आणतो. समुद्रातून येणारा ओघ आणि रस्त्यानं येणारा ओघ यांच्यात कोण भरभर वाढतो, त्यावर निकाल लागतो. म्हणून नॉर्मंडीत पहिल्या दिवशी दीड लाखांवर सैनिक उतरवूनही दोस्त राष्ट्रांना शांत बसता येत नव्हतं. त्यांनी काँक्रीटचे ठोकळे ओढत नेऊन समुद्रात दोन कृत्रिम बंदरं उभी केली. त्यातलं एक १९ जूनला सुरू झालेल्या वादळानं मोडलं. आणि जर्मन कुमक उशिरा यावी म्हणून आधीचे कित्येक आठवडे फ्रान्समधले रेल्वेपूल विमानांनी पाडले होते. आपला ओघ वाढवायचा आणि त्याचा तोडायचा, दोन्ही एकाच वेळी.

किनाऱ्यावर या गव्हाणीचा मालक असतो बीचमास्टर. कुठली बोट कुठं लागेल, बंद पडलेली गाडी ढकलून बाजूला कुणी करायची, जखमींना कुठून न्यायचं, हे सगळं त्याच्या हुकुमानं. तिथं मेजरलाही त्याचं ऐकावं लागतं. २०१९ ला आमच्या काठावर असा एक माणूस असता तर, असं मला फार वाटतं.

ओघ कुठं तुटतो ते फॉकलंड बेटांसाठी ब्रिटन आणि अर्जेंटिनात झालेल्या युद्धात दिसलं. २१ मे १९८२ ला ब्रिटिश सैन्य सॅन कार्लोसला जवळजवळ विनाविरोध उतरलं. चार दिवसांनी अर्जेंटिनाच्या क्षेपणास्त्रांनी 'अटलांटिक कन्व्हेयर' हे मालवाहू जहाज जाळलं आणि त्यावरची अवजड चिनूक हेलिकॉप्टरं गेली, एक तेवढं हवेत होतं म्हणून वाचलं. सैनिक जिवंत होते, हत्यारं होती, पण बेटांच्या राजधानीपर्यंतचा दलदलीचा रस्ता बहुतेकांना पाठीवर ओझी घेऊन पायी तुडवावा लागला.

यातून एक भेद लक्षात येतो, जो आपल्या इतिहासात फार जुना आहे. १६६५ च्या फेब्रुवारीत शिवाजी महाराज मालवणहून आरमार घेऊन कर्नाटक किनाऱ्यावरच्या बसरूरला गेले. उतरले, पेठ मारली, परत निघाले. हा छापा. छाप्याला गव्हाण लागत नाही. जेवढं बरोबर नेलं तेवढ्यावर काम भागतं, आणि शत्रूची कुमक पोचेपर्यंत गलबतं दूर गेलेली असतात. राहण्यासाठी उतरणं हा सर्वस्वी वेगळा धंदा.

आता काय बदललं

यंत्रं बदलली. हॉवरक्राफ्ट हवेच्या गादीवर चालतं, चिखल आणि खडक त्याला फारसे अडवत नाहीत. अमेरिकेचं मोठं हॉवरक्राफ्ट साठेक टन ओझं घेऊन तासाला सत्तरेक किलोमीटर वेगानं जातं आणि जगातल्या सुमारे ७० टक्के किनाऱ्यांवर चढू शकतं, असं सांगितलं जातं. हेलिकॉप्टरं किनारा ओलांडून थेट आत माणसं उतरवतात. जहाजं क्षितिजापलीकडं थांबू शकतात. भारताकडं 'जलाश्व' आहे, अमेरिकेकडून २००७ साली घेतलेलं. पोटात पाणी भरून घेऊन मागच्या दारानं छोट्या बोटी सोडणारं, हजारेक सैनिक नेणारं. अंदमान-निकोबारला २००१ पासून तिन्ही दलांची संयुक्त कमांड आहे. लष्कराची या कामात मुरलेली ब्रिगेड तिरुअनंतपुरमला असते, आणि काकीनाड्याच्या किनाऱ्यावर सराव होतात.

अमेरिकन नौसैनिकांची रचना पाहण्यासारखी. त्यांचं २,२०० जणांचं एक पथक तीन जहाजांवर महिनोन् महिने फिरत असतं. त्यात एक पायदळ बटालियन मध्यभागी, तिला स्वतःच्या तोफा, स्वतःची विमानं-हेलिकॉप्टरं, स्वतःचे रसदवाले, आणि सगळ्यांवर एकच कमांडर. आपल्याकडं बटालियनला जे वरून, ब्रिगेड-डिव्हिजनकडून मिळतं, ते इथं आधीच बांधून दिलेलं. समुद्रावर शेजाऱ्याकडं मागायला जाता येत नाही म्हणून.

पण काठावरचा माणूसही बदलला. वोन्सानला उत्तर कोरियानं सुमारे तीन हजार सुरुंग पेरले होते आणि १९५० च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेचं प्रचंड आरमार जवळजवळ आठवडाभर समुद्रात घिरट्या घालत राहिलं. तोवर जमिनीवरून आलेल्या दक्षिण कोरियाच्या सैन्यानं शहर घेतलंसुद्धा. १९९१ मध्ये कुवेतसमोर हजारो अमेरिकन नौसैनिक जहाजांत बसून राहिले, उतरलेच नाहीत. त्यांच्या भीतीनं इराकी सैन्य किनाऱ्याला खिळून राहिलं, एवढंच काम त्यांनी केलं आणि ते पुरेसं होतं. युक्रेनमध्ये २०२२ साली सगळ्यांना वाटत होतं रशिया ओडेसाला समुद्रातून उतरेल. मार्चमध्ये बर्द्यान्स्कच्या धक्क्यालाच त्यांचं 'सारातोव' हे सैन्यवाहू जहाज उडालं, एप्रिलमध्ये 'मॉस्क्वा' ही युद्धनौका बुडाली. ओडेसाचा किनारा मोकळाच राहिला. ट्रकवरून सुटणारं क्षेपणास्त्र आणि स्वस्तातला ड्रोन आज ते काम करतात ज्याला पूर्वी मोठा तोफखाना लागायचा. अमेरिकन नौसैनिकांनीही २०२० पासून आपले रणगाडे सोडून दिले आणि छोट्या, विखुरलेल्या, क्षेपणास्त्रं बाळगणाऱ्या तुकड्यांकडं वळले.

तैवानचा प्रश्न पोरांनी पुन्हा विचारला की मी फळ्यावर नकाशा काढतो. चीन आणि तैवानमधली सामुद्रधुनी अरुंद जागी १३० किलोमीटरच्या आसपास. उतरण्याजोग्या पुळणी मोजक्या, पश्चिमेला चिखलाचे सपाट पट्टे. मग मी विचारतो: पहिली लाट उतरली असं धरा, दुसऱ्या दिवशीचं डिझेल कुठून येणार? वर्ग गप्प होतो, आणि कुणीतरी म्हणतं, "सर, गव्हाण."

२०२१ च्या जुलैत पुन्हा महापूर आला. मी त्याच काठावर होतो. या वेळी गावातले एक निवृत्त हवालदार काका शाळेचं बाक पाण्याजवळ मांडून बसले होते. हातात वही, कानाला पेन. त्यांनी आदल्या रात्रीच घरनिहाय यादी केली होती. एक घर, एक खेप. प्रत्येक बोटीत घरातलं एक धडधाकट माणूस. औषधांची पिशवी म्हाताऱ्या माणसाच्या स्वतःच्या गळ्यात. सामानाचे खोके काठावर उतरवायला त्यांनी सक्त मनाई केली. टेम्पो शंभर पावलं मागं, वळणावर, आणि काठाची वाट मोकळी. कुणी घाई केली की ते वहीतून मान वर न करता म्हणायचे, "थांब बाळा, अजून तुझा नंबर आला नाही." त्याच आजी दुसऱ्या खेपेला आल्या. गळ्यात पिशवी, शेजारी नातू.